पैजेची शेंगोळी

हंसांची जोडी खुटबावच्या मळ्यात आली, त्या दिवशी मारुतरावांनी कपाळावर हात मारून घेतला होता. त्यांच्या मुलानं, गोकुळनं, मळ्यात हुरडा पार्टी सुरू केली होती. पुण्याची माणसं गाड्या भरून यायची, कोवळा हुरडा खायची, झेंडूत उभी राहून फोटो काढायची. पोराबाळांना बघायला काहीतरी पाहिजे म्हणून गोकुळनं शेततळ्यात दोन पांढरेशुभ्र हंस आणून सोडले.

"दूध न्हाई, शेण न्हाई. आन् खाणं मात्र म्हशीगत," मारुतराव म्हणाले.

त्यांच्या बायकोला, रंगुबाईंना, मात्र हंस पहिल्या दिवशीच आवडले. नर पंख फुगवून, मान मागं ओढून तळ्यातून असा फिरायचा, की सगळं तळं त्याच्याच नावावर आहे. रंगुबाईंनी त्याचं नाव ठेवलं पाटील. मादी झाली पाटलीण. रोज सकाळी रंगुबाई लसूणघासाची पेंढी घेऊन जायच्या आणि चिरून पाण्यात टाकायच्या. पाव नाहीतर फरसाण टाकणाऱ्या पाहुण्यांना मोठमोठ्यानं रागवायच्या.

मागच्या वर्षी पाटलिणीनं अंडी घातली. हिरवट, करडी, मुठीत मावणार नाहीत अशी. पाहुण्यांनी फोटोसाठी एवढी गर्दी केली, की ती सारखी उठायची. अंडी गार पडली आणि वाया गेली. रंगुबाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग एकदा जेवताना मारुतराव म्हणाले, "आपल्याकडं न्हाई निघायची त्यांची पिल्लं. ती थंड मुलखातली पाखरं."

"निघतील की. पुढल्या साली बघा."

"लाव पैज."

"लावली. पिल्लं निघाली, तर तुम्ही हुलग्याची शेंगोळी करायची. स्वतःच्या हातानं. सगळ्या वस्तीला वाढायची."

मारुतराव पोट धरून हसले होते. हुलग्याचं पीठ कुठल्या डब्यात असतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या आधी रंगुबाई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि घरी आणलं ते तसंच.

त्यानंतर लसूणघासाची पेंढी मारुतराव नेऊ लागले. मोटर बघायला चाललोय, असं घरात सांगायचे. मोटर तळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती, पण त्यावर सुनेनं, समृद्धीनं, कधी काही विचारलं नाही.

हुरडा संपला आणि पाटील-पाटलीण पुन्हा घरट्याच्या तयारीला लागले. समोरासमोर यायचे, एकदम मान बुडवायचे, एकदम वर काढायचे. शेततळ्याला सगळीकडून प्लास्टिकचा कागद. त्यावर हंसाचा पाय घसरतो. म्हणून एका कोपऱ्यात मारुतरावांनी मातीच्या गोण्या रचून उतरण केली होती. पाणी खाली गेलेलं होतं. पाटलिणीनं घरटं केलं ते नेमकं खालच्या गोणीवर, पाण्याला लागून. पाटील उसाचं वाळलेलं पाचट चोचीत धरून पाठीमागं टाकायचा, ती ओढून बुडाखाली घ्यायची. बघता बघता टोपलीएवढा ढीग झाला. आत पाच अंडी.

या वेळी मारुतरावांनी स्वतः दोरी बांधली. पलीकडं कुणाला जाऊ दिलं नाही. पाटलीण चरायला उठली तर अंड्यांवर पाचट ओढून जायची. मारुतराव बांधावर बसून बघायचे आणि मनात म्हणायचे, हरू दे मला. एकदा हरू दे.

एके दिवशी शेजारचा म्हाळू मोटरसायकलवर आला. हॉर्न वाजवला तसा पाटील पाण्यातून सुसाट आला आणि फुत्कारत पंख आपटू लागला.

"आवरा तुमच्या पाटलाला!" म्हाळू लांबूनच ओरडला. "उद्या कालव्याला पाणी सुटतंय. पहिली पाळी तुमची, परवा माझी. तळं काठोकाठ भरून घ्या. पुढलं आवर्तन कवा येईल, देवाला ठावं."

मारुतरावांनी तळ्याकडं पाहिलं. तळं भरलं तर घरटं बुडणार. नाही भरलं तर गुढीपाडव्याचा झेंडू वाळणार.

गोकुळ म्हणाला, "आबा, सोप्पंय. दोन ड्रम, वर फळी. घरटं उचलून फळीवर ठेवू. पाणी चढंल तसं तरंगंल."

ड्रम बांधले, फळी ठोकली. गोकुळ उतरणीवरून दोन पावलं खाली गेला असेल नसेल, पाटलानं पंखाचा असा दणका दिला, की गोकुळ कमरेएवढ्या पाण्यात बसला. वर यायला लागला तर पाटलानं मागून शर्ट धरला.

"आहो, पळा की!" समृद्धी वरून ओरडली आणि हसून हसून खाली बसली. "मामा, बघताय काय, काढा त्यांला!"

मारुतरावांनी दोरी टाकून मुलाला वर ओढलं. किती महिन्यांनी ते मोठ्यानं हसत होते.

"पाटलाला वाटलं, तू त्याची बायको पळवायला आला," ते म्हणाले.

"आबा, माझी चप्पल गेली तळ्यात."

"जाऊ दे. जीव हाय ना?"

ड्रम तिथंच राहिले. या सगळ्या गोंधळात पाचटाची एक पेंढी घरट्याजवळ पडली होती. पाटलिणीनं बसल्या बसल्या मान लांब केली, एक काडी ओढली, बुडाखाली सारली. मग दुसरी. मारुतराव हसायचे थांबले. रोज बघत होते ते, पण आज त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं.

"ती उगं ओढत न्हाई," ते म्हणाले. "सामान असंल तर ती घर वाढवती. आपण सामान देऊ आन् पाणी बेतानं चढवू."

ते तडक म्हाळूकडं गेले.

"म्हाळू, पाळीची अदलाबदल करू. दोन दिवस दोघांचे. दुपारपत्तोर तू घे, दुपारनं मी. उद्याबी तसंच, परवाबी तसंच."

"आन् ते कशापायी?"

"एका दमात भरलं तर पाटलिणीला घर वाढवायला सवड न्हाई मिळायची."

म्हाळूनं डोक्यावरची टोपी मागं सारली. "मारुतराव, आजवर पाळीवरनं भांडणं झाली, डोकी फुटली. हंसिणीला सवड पायजे म्हणून पाळी बदलल्याली मी न्हाई ऐकली."

"मग आता ऐक."

म्हाळूनं टोपी पुन्हा पुढं ओढली. मग म्हणाला, "वैनींची पैज ना ती? मी व्हतो की त्या दिवशी जेवायला. घ्या दुपारनं तुम्ही. पण शेंगोळ्याला मला पयलं बोलवायचं."

पाणी आलं. दुपारी मारुतरावांनी मोटर चालू केली आणि लांब काठीच्या टोकाला पाचट अडकवून उतरणीवर लांबून सोडत राहिले. पाणी चढू लागलं तसा पाटील सावध झाला. पाचट उचलून पाठीमागं टाकू लागला. पाटलीण ओढून खाली दाबू लागली. घरट्याची कड भिजली की मारुतराव मोटर बंद करायचे. ढीग वर आला की पुन्हा चालू. म्हाळूसुद्धा उसाचं पाचट घेऊन आला. पाटलाच्या भीतीनं त्यानं डोक्यावर घमेलं धरलं होतं.

"बांधकाम चांगलं चाललंय," तो म्हणाला. "गवंडी जरा तापट हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळं भरलं. काठोकाठ नाही, चार बोटं कमी. टोपलीएवढं घरटं गवताच्या गंजीसारखं झालं होतं आणि पाटलीण वर कोरडी बसली होती.

मग नुसती वाट बघणं. कोंबडीची पिल्लं निघतात ते दिवस होऊन गेले, तरी काही नाही. मारुतराव जेवण अर्धं टाकून तळ्यावर जायचे. पाडव्याचा झेंडू तोडून झाला, बाजारात गेला. आणि एका सकाळी समृद्धी तळ्यावरून पळत आली.

"मामा! निघाली! करडी हायत, कापसाच्या बोळ्यावानी!"

चार पिल्लं होती. पाटलीण पाण्यात उतरली, तशी दोन तिच्या पाठीवर चढली आणि पंखांत शिरून बसली. पाटील पुढं चालला, मान मागं ओढून. पाचवं अंडं तसंच राहिलं. मारुतराव बराच वेळ उभे होते. मग डोळे पुसून घरी गेले आणि सुनेला म्हणाले, "हुलग्याचं पीठ कुठल्या डब्यात असतं गं?"

समृद्धीनं लसूण सोलून दिला, पण पिठाला हात लावला नाही. पैज पैज होती. मारुतरावांनी पीठ मळलं, तळहातावर वळलं. काही शेंगोळी बोटाएवढी, काही मनगटाएवढी. संध्याकाळी सगळी वस्ती ओट्यावर बसली.

"मारुतराव, ही शेंगोळी हायत का बैलाची शिंगं?" म्हाळूनं विचारलं आणि तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

सगळ्यांच्या आधी मारुतरावांनी एक वाटी आत नेऊन रंगुबाईंच्या फोटोपुढं ठेवली होती. दारात गोकुळ उभा आहे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"जिंकलीस," ते फोटोला म्हणाले. "मीठ जरा जास्त पडलंय. आता त्यावरनं बोलू नको."