देवघेव

व्हर्लीननं गिटारवरचा हात उचललाही नव्हता, तोच फोनचे सगळे दिवे पेटले. डेल्मरनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं स्टुडिओत साप सोडलाय.

"पोरी, मला वाटलं तू देवाचं काहीतरी म्हणशील!"

शनिवारी सकाळी आमच्या रेडिओवर डेल्मरचा 'देवघेव' कार्यक्रम सुरू होण्याआधी गावातलं कुणीतरी एक गाणं म्हणतं, आणि ते देवाचंच असतं. हिनं काय म्हणावं? प्रेमाचं! आणि तेही नवऱ्यावर, टॉलबर्टवर! नाव घेतलं नव्हतं, पण नाव हवं कशाला?

*सारा डोंगर पाठ फिरवू दे,*
*मी तुझ्याकडे तोंड करून निजेन.*

अख्ख्या खोऱ्यानं पाठ फिरवलेला माणूस एकच. खाणीचा संप चालू असताना कामावर गेलेला. त्यांची मुलगी तेव्हा दवाखान्यात होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण संप म्हणजे संप. त्यानंतर टॉलबर्ट स्टिडमशी कुणी बोललं नाही, व्हर्लीनशीही नाही. म्हणून आज सकाळी त्यानं ट्रक भरला होता. डोंगरापलीकडे, ओहायोला एकटाच निघाला होता. "मी नसलो की तुमच्याशी तरी बोलतील," एवढंच म्हणाला. त्याच्या ट्रकमध्ये हेच एक स्टेशन लागतं, आणि डोंगर ओलांडला की तेही लागत नाही. व्हर्लीन म्हणूनच धावत आली होती.

आता 'देवघेव'चा नियम असा, की फोन करून फक्त घ्यायचं, द्यायचं, हरवलं, सापडलं एवढंच बोलायचं. भांडण काढलं की डेल्मर फोन कापतो. पण आमची माणसं काय कमी आहेत?

"बोला, देवघेव."

"हार्ज नोबल बोलतोय. कापूस द्यायचाय, गोणीभर. फुकट. आत्ताचं गाणं ऐकलेल्यांनी कानात घालायला न्यावा."

डेल्मरनं डोळे मिटले. नियमात तर बसत होतं.

"नंबर सांगा."

पुढची बाई, आवाजावरून चर्चमध्ये पेटी वाजवणारी रीबा. "हरवलंय. लाज. व्हर्लीनच्या घरातून गेलीय, सापडली तर तिला नेऊन द्या."

"रीबा!"

"हरवलंयच म्हटलं ना मी?"

मग एक पोरगेला आवाज, मागे दोघं-तिघं खिदळताहेत. "दोर आहे आमच्याकडे. ट्रकवर सामान बांधायला. ओहायोपर्यंत टिकेल, परत आणून द्यायची गरज नाही!"

व्हर्लीन गिटारच्या खुंट्या पिळत बसली होती. तारा सुरात होत्या, तरी पिळत होती. डेल्मरनं माइकवर हात ठेवला.

"मागच्या दारानं जातेस का?"

"नाही. अजून तो ऐकत असेल."

पुढचा दिवा दाबला, आणि डेल्मरनं चक्क डोक्यावरची टोपी काढली.

"ओव्हा फ्युगेट बोलतेय."

संपात सगळ्यांच्या पुढे उभा राहिला तो ग्रीन फ्युगेट, त्याची ही बायको. मागच्या हिवाळ्यात ग्रीन गेला, छातीत कोळशाची धूळ भरून. आमच्याकडे मयताच्या घरी सगळे शिजवलेलं घेऊन जातात, भांड्याखाली आपल्या नावाची पट्टी चिकटवून. नंतर घरवाले भांडं परत पोचवतात. तेव्हा टॉलबर्टनंही अंधारात ओव्हाकाकूच्या ओसरीवर एक भांडं ठेवलं होतं. काकूनं सगळ्यांदेखत त्यातला कोंबडी-भात कुत्र्यांना घातला, आणि गाव महिनाभर तेच चघळत होतं.

"बोला काकू. द्यायचंय की घ्यायचंय?"

"भांडं आहे एक. काचेचं, निळ्या झाकणाचं. ग्रीनच्या वेळचं. खाली नाव आहे."

व्हर्लीनचे हात थांबले. टॉलबर्ट म्हणाला होता, नाव नको लावू, निदान खातील तरी. पण पट्टी तिनंच लावली होती. त्याच्या नावाची.

"कुणाचं नाव, काकू?"

"ज्याचं आहे त्याला माहितीये. आतलं कुत्र्यांनी खाल्लं, ते मी नाकारत नाही. भांडं घासून ठेवलंय. फडताळात उगाच जागा अडवून बसलंय."

"मग ओसरीवर ठेवता का? कुणीतरी येऊन..."

"ओसरीवर मी काही ठेवत नसते. ज्याचं त्यानं यायचं, स्वयंपाकघरात. पुढच्या दारानं, सगळ्यांना दिसेल असं. पाय पुसून."

डेल्मर सवयीनं "चालू स्थितीत आहे ना?" असं काहीतरी विचारून बसला.

"भांडं आहे ते, ट्रॅक्टर नाही. आणि त्या पोरीला सांग, दुसरं कडवं फार ओढते ती. जीव जातो ऐकताना."

काकूनं फोन ठेवला.

आणि मग, खरं सांगतो, एकही दिवा पेटेना. हार्ज नाही, रीबा नाही. डेल्मर जाहिरात लावायचीसुद्धा विसरला. खोऱ्यातल्या सगळ्या रेडिओंवर नुसती खरखर गेली असेल. व्हर्लीन फोनकडे बघत होती, गिटार छातीशी धरून.

शेवटी एक दिवा लागला.

"बोला, देवघेव."

मागे पेट्रोल पंपाची घंटी वाजली. कुठलातरी ट्रक चालूच होता, जुना, अडखळणारा. माणूस खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला.

"ते भांडं," तो म्हणाला, "अजून आहे का?"