मेलेल्या राजाला हाक

कस्तुराबाईंनी शिरूर तालुक्यात पोरांची नाटकं सुरू केली तेव्हा गावानं यथेच्छ नाकं मुरडली होती. "बाई पोरांना तमाशात घालतीय," असं म्हणणाऱ्यांचीच नातवंडं पुढं बाईंच्या नाटकात झाडं, माकडं आणि प्रधान झाली, हे सांगायलाच हवं. बाईंनी कुणाला टोमणा मारला नाही. प्रयोगाला त्याच आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवलं, एवढंच.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेला अक्रम दौंडला रेल्वेत लागला आणि तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये नाटकासाठी पोरं जमवू लागला. आपल्यामागं हे काम हाच चालवणार, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. गेल्या आठवड्यात शिक्रापूरजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. तो जागीच गेला.

त्याच्या पोरांचा प्रयोग तोंडावर आलेला. अक्रमची बायको आसमीन म्हणाली, "बंद नका करू, बाई. पोरगी घरात बसून नुसती भिंतीकडं बघती." म्हणून बाई दौंडला तालमीला आल्या. मन पार बधिर झालं होतं. अक्रमच्या मातीच्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

तालीम राजाच्या मरणापर्यंत आली. बाईंच्या नाटकात एक रीत होती. कुणी मेलं की सगळ्या पोरांनी त्याला खऱ्या नावानं हाक मारायची, मग त्यानं उठून हसून दाखवायचं. बघणारी बारकी पोरं घाबरू नयेत म्हणून बाईंनीच ती घातली होती. राजा झालेला आयुष फरशीवर आडवा झाला. पहिली हाक अक्रमच्या पोरीची, सनाची होती. ती आलीच नाही.

"हाक मार ना गं," बाई म्हणाल्या.

"बाई, अब्बूंना कुणीच हाक मारली न्हाई," सना म्हणाली. "मला कबरस्तानात नेलंच न्हाई. आपण समदी मिळून जाऊ या का? जोरात हाक मारू."

पोरं बाईंच्या तोंडाकडं बघू लागली. बाई आता चपला घालतील आणि आपण निघू, असंच त्यांना वाटत होतं. चांदणं, आभाळ, लांबचा प्रवास, असली एखादी गोष्ट रचून सांगणं बाईंना काही जड नव्हतं. उभा जन्म त्यात गेला होता. पण बाई सतरंजीवर बसलेल्या सनासमोर फरशीवर टेकल्या.

"हाक मारून अब्बू उठणार न्हाईत, सना. नाटकात उठत्यात, कारण तिथं कुणी मरतच न्हाई. अब्बू खरंच मेलेत."

आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

सनानं नीट ऐकून घेतलं. आयुष हाकेची वाट न बघताच उठून बसला होता. त्याला कुणी रागावलं नाही.

"मग तुम्ही रडत का न्हाई?" सनानं विचारलं.

"येतच न्हाई गं रडू."

सना जराशी सरकली आणि सतरंजीवर बाईंना जागा करून दिली.

"मलाबी न्हाई येत," ती म्हणाली.