वेणीमास्तरांची शिकवणी

वेणीमास्तरांनी दुसरी वेणी कानामागे पिनेने घट्ट खोचली आणि आरशात न बघताच पिवळा कोट चढवला. रिकिबीत पाय घालणार, एवढ्यात निर्मातीणबाई कागद फडकवत तबेल्यात शिरल्या.

"मास्तर, उतरवा त्या वेण्या. मुलांनी ओळखलं."

त्या मालिकेत बारा वर्षांची एक मुलगी घोडेस्वारी शिकते आणि भल्याभल्यांना धूळ चारते. पडद्यावर धूळ चारायचा तो चेहरा छोटीचा, म्हणजे ते काम करणाऱ्या बालनटीचा. ती लाकडी पिंपावर बसून वरखाली व्हायची. खरा घोडा दौडवायचे मास्तर. वय बावन्न, चणीने बारीक, रेसच्या मैदानाने वयापायी घरी बसवलेले जॉकी. तीन वर्षं ते पाठमोरी मुलगी होते. त्यांचं खरं नाव युनिटमध्ये एका घोड्याला तेवढं ठाऊक असेल, आणि तो काही बोलत नव्हता.

बाईंनी अकरा मुलांना बोलावून मालिका दाखवली होती. त्यांची मतं दोन रकान्यांत उतरली होती. जमेच्या बाजू: घोड्याचे डोळे, उड्या, चिखल. उणिवा: हसायला काहीच नाही. त्याखालची उणीव बाईंनी मोठ्याने वाचली.

"'घोडा पळायला लागला की वर कुणीतरी म्हातारं येऊन बसतं. त्याच्या हातांवर केस आहेत.' सात वर्षांची आहे हो कार्टी."

मोतद्दाराने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. मास्तरांनी बाह्या खाली ओढल्या.

"सहा आठवड्यांनी छोटी स्वतः तीन अडथळे पार करेल," बाई म्हणाल्या. "शिकवणार तुम्ही."

"आणि ती शिकली, की मी काय करायचं?"

"ते पुढचं पुढे बघू, मास्तर."

पुढचं पुढे म्हणजे काय, हे रेसच्या मैदानाने मास्तरांना एकदा शिकवलं होतं. घोड्यावरून उतरवलं तर बसायला त्यांना दुसरी जागा नव्हती. त्या दुपारी ते घोड्याला खरारा करत राहिले, आणि घोडा लखलखला तोवर त्यांचा बेत पक्का झाला. छोटीला अगदी मन लावून शिकवायचं. घोड्यावर बसायला नव्हे, घोड्याला भ्यायला.

खोगिराचा तंग सैल सोडणं, घोड्याला काटा टोचणं ही आडदांडांची कामं. मास्तरांकडे जीभ होती.

"घाबरू नकोस हं, बाळ," पहिल्याच दिवशी ते मायेने म्हणाले. "एक मुलगा होता, तुझ्याएवढाच. घोडा अडथळ्यापाशी गपकन थांबला, आणि हा गेला थेट दाण्याच्या पिंपात, तोंडावर. दात काही सापडेनात. आठवड्याने घोडा शिंकला, तेव्हा दोन मिळाले."

कुंपणापलीकडे छोटीची आई विणकाम करत बसली होती. तिची सुई थांबली. छोटी मात्र खोगिरावर पुढे झुकली.

"आणि बाकीचे?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रिकिबीत पाय अडकलेल्या स्वाराची गोष्ट काढली. घोडा त्याला तीन गावं फरफटत घेऊन गेला. थांबला तेव्हा सोबत नुसता बूट होता.

"बूट मग कुणी घेतला?"

"कुणी घेतला म्हणजे? माणूस गेला ना, बाळ!"

"हो, पण बूट चांगला असेल तर?"

मास्तर घरी जाऊन याहून भयंकर काहीतरी रचायचे. सगळं धादांत खोटं; एकतीस वर्षांत ते स्वतः एकदाही पडले नव्हते, आणि पडणाऱ्यांकडे त्यांनी कधी वळूनही पाहिलं नव्हतं. पण गोष्ट एकदा रंगली की ती कशासाठी सांगतोय याचा त्यांना विसर पडे. ते रिंगणाच्या मध्यावर उभे राहून हातवारे करत, लोळून दाखवत, आणि छोटी भोवती फिरता फिरता पोट धरून हसे. हसणारं अंग ताठत नाही, आणि न ताठणारं अंग घोड्याला मानवतं. हे मास्तर साऱ्या जगाला शिकवू शकले असते. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा छोटी दुडक्या चालीवरून दौडीवर आली होती आणि ओरडून विचारत होती, "काका, त्या मानेचं पुढे काय झालं?"

सहाव्या आठवड्यात तिने तीन अडथळे पार केले. तिसऱ्यावर तर लगाम एका हातात धरून दुसऱ्याने नाक खाजवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या, न वाजवून करतात काय?

बाई त्यांच्याजवळ आल्या. "मास्तर, तुमची सोय झाली. छोटीनेच शब्द टाकलाय."

"माझ्यासाठी?"

"ती म्हणाली, काकांना पडण्यातलं सगळं माहीत आहे. मुलांना हसायला काही नव्हतं ना? आता मालिकेत एक बढाईखोर काका घेतोय. दर भागात पडायचं."

"बघा, किती मोठं मन आहे पोरीचं," छोटीची आई म्हणाली.

मास्तरांनी आभार मानले.

सोमवारी ते दाण्याच्या पिंपात पडले. पहिल्यांदा फार लवकर, दुसऱ्यांदा फार हळू. तिसऱ्यांदा खांद्यात काहीतरी वाजलं, आणि दिग्दर्शक हसून हसून खुर्चीतून घसरला.

"मास्तर, तोडलंत! तो आवाज पुन्हा जमेल का?"

मास्तर दाणे झटकत उठले. डावा हात वर जाईना, तेव्हा उजव्याने झटकले. छोटी घोडा चालवत जवळ आली. मांड अशी, की बघत राहावी. खाली वाकून ती हळूच म्हणाली, "काका, तुमची पडण्याची सगळ्यात भारी गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेलीच नाही."

"कुठली गं?"

ती हसली आणि घोडा वळवून आपल्या जागी गेली.

मोतद्दाराने मास्तरांचा घोडा पुढे आणून उभा केला. मास्तरांनी तंग तपासला. पुन्हा एकदा तपासला. मग रिकिबीत पाय घालायला गेले आणि त्यांचा पाय चुकला. ते पोटावर लोंबकळले, एका हाताने आयाळ धरून.

कुणी हसलं नाही. कॅमेरा बंद होता.