तीन शपथांचा नारळ

शेंडी आहे, डोळे तीन आहेत, तोंड तेवढं नाही. तरी मी नारळ आज बोलतोय, कारण आता थोडाच उरलोय.

मालवणजवळच्या एका वाडीत, जानकीबाईंच्या परसात माझा जन्म. सोलकढीत जायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा. पण यंदा, २००७ साली, पंचायत समितीची निवडणूक आली आणि मला देवासमोर बसवलं.

पहिला आला परशुराम, भावकीतला. "वहिनी, आमच्या पक्षात नाव घातलंय तुमचा. आता नारळार हात ठेवा, मत माकाच!"

वहिनी म्हणजे जानकीबाईंची सून रश्मी. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, कडेवर तान्ही सलोनी. मतदान गुप्त असतं, हे ती सांगणारच होती. पण सासूबाई म्हणाल्या, "ठेव गो. नाय म्हटला तर वायट दिसता."

मग आला गंगाराम. रश्मीचा नवरा त्याच्याच होडीवर मासेमारीला जातो. पुन्हा पक्षात नाव, पुन्हा मी. शेवटी तिसरा उमेदवार लवू आला, तो नुसतं पाणी पिऊन निघाला, तर जानकीबाईच म्हणाल्या, "लवू, तू कित्याक मागे रवतंस? रश्मी, ठेव गो हात!"

होड्या लागतात त्या मोडलेल्या धक्क्याचं रश्मीने तिघांनाही विचारलं होतं. परशुराम म्हणाला, "झालोच समजा." गंगाराम म्हणाला, "उद्याच!" लवू म्हणाला, "होयत काय, माका ठावक नाय."

मतदानाच्या आदल्या दिवशी सलोनीला ताप आला. दात येताहेत, डॉक्टर म्हणाले. रश्मीला ते पटलं. तरी औषध पाजताना ती माझ्याकडेच बघत होती. एकाला मत दिलं तर दोन शपथा मोडणार, घरी बसली तर तीन. अखेर ती सासूबाईंपुढे रडली.

जानकीबाईंनी मला उचललं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, शब्द दिलो तो माझ्या भिडेन दिलो. दोष लागलो तर म्हातारेक लागांदे, सुनेक नको, पोराक तर मुळीच नको. आता तिका तिच्या मनान मत घालूक दी."

"होय म्हाराजा!" रश्मी एवढ्या मोठ्याने कॉलेजात कधी बोलली नसेल.

सकाळी तिने सगळ्यात कमी थापा मारणाऱ्याला, लवूला, मत दिलं आणि धावत घरी येऊन सलोनीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. देव पावला की औषध, हे राज्यशास्त्रात नव्हतं.

निवडून आला परशुराम. आभार मानायला आला तेव्हा मी फुटून अर्धा ताटलीत वाटला गेलो होतो.

"वहिनी, तुमचा मत पोचला हां!"

"पोचला तर. खोबरा खा," जानकीबाई म्हणाल्या.

रश्मीने माझं उरलेलं अर्धं भकल त्याच्यापुढे धरलं. "भावजी, धक्का कधी? ठेवा हात."

"अख्खो नारळ नाय?"

"अर्धा चालतो."

परशुरामाला एकदम महत्त्वाचं काम आठवलं. "येतंय हां परत!" म्हणत तो गेला.

तेव्हापासून रश्मी मला खवू देत नाही. माझी एकच विनंती आहे. भावजी, लवकर या. ओलं खोबरं फार दिवस टिकत नाही.