भिंतीकडे फिरवलेला अँटेना

मी राउटर बोलतोय. सांता लुसिया गावच्या पंचायतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम. गावकऱ्यांनी पाळीपाळीनं श्रमदान करून, खांब खांद्यावर वाहून मला इथं बसवलं. त्यामुळे मी कुणा एकाचा नाही, सगळ्या गावाचा आहे.

माझं काम टपालवाल्याचं. फोनमधून निघालेला प्रत्येक निरोप बारीक तुकडे होऊन माझ्याकडे येतो. तुकड्यावरचा पत्ता वाचायचा, मोकळी वाट बघायची आणि पुढं धाडायचा. फारच गर्दी झाली, की काही तुकडे मी सरळ टाकून देतो. निर्दयपणा वाटेल, पण इलाज नाही. पोच आली नाही, की पाठवणारं यंत्र ओळखतं, पुढं कोंडी आहे, आणि दमानं घेतं. यंत्रांना एवढी अक्कल आहे. माणसं मात्र तेच बटण दहादा दाबतात.

मला वाटा दोन होत्या. एक डोंगरावरच्या मनोऱ्याकडे, दुसरी शेजारच्या सान मेल्चोर गावाकडे, तिथून पुढं तालुक्याला. गेल्या वर्षी जंगलाच्या हद्दीवरून दोन्ही गावांचं वाजलं आणि ग्रामसभेनं हात वर करून त्या दिशेचा माझा अँटेना भिंतीकडे फिरवला. मी मात्र सवय सोडली नाही. दर दहा सेकंदांनी त्या वाटेवर ‘आहेस का?’ अशी हाक देतच राहिलो. वर्षभर, भिंतीला! मला खुळा म्हणा हवं तर.

परवा सांता लुसियाची जत्रा होती. भर दुपारी बँड सुरू झाला आणि पन्नासेक फोन वर झाले. लॉस एंजेलिसला राबणारी गावची पोरं जत्रेला पैसे धाडतात, म्हणून त्यांना दिसावं यासाठी बँडचं चित्र आधी जाऊ द्यायचं, असा सभेचाच नियम. मनोऱ्याची वाट तुंबली. त्या गर्दीत नर्स एलेउतेरियाचा तालुक्याच्या दवाखान्याला धाडलेला चार ओळींचा निरोप अडकून पडला.

ती धापा टाकत गच्चीवर आली. मागोमाग माझी देखभाल करणारे डॉन फिदेन्सियो. (‘डॉन’ म्हणजे आमच्याकडे मानानं म्हणायचं ‘राव’.)

“क्रिसान्ता बाळंत झालीय, पण रक्त थांबत नाहीये. गाडी हवी, आत्ता! त्या लोकांना फोन बंद करायला सांगा.”

“अगं, पाच तुताऱ्या वाजतायत. माझं कोण ऐकणार?”

“मग हा अँटेना फिरवा.”

“सान मेल्चोरकडे? सभेनं ठरवलंय बाई. गाव माझ्या नावानं शंख करील.”

“करू दे! क्रिसान्ता गेली, तर तुम्ही कुणाच्या नावानं करणार?”

डॉन फिदेन्सियोंनी एक सणसणीत शिवी हासडली. हद्दीला, सभेला की स्वतःला, कोण जाणे. मग पाना घेतला आणि गंजलेला नट सोडवला.

“फिरवला खरा,” ते म्हणाले, “पण त्यांनीही त्यांचा फिरवला असणारच. उपयोग काय?”

मी हाक दिली. ‘आहेस का?’

‘आहे.’

लगेच उत्तर आलं! सान मेल्चोरवाल्यांनी त्यांचा अँटेना हलवलाच नव्हता. तिथला राउटरही वर्षभर आमच्याच दिशेला हाका मारत होता. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. चार ओळी त्या मोकळ्या वाटेनं सुटल्या आणि क्षणात पोच आली. दवाखान्याची गाडीही सान मेल्चोरमधूनच आली. दवाखान्यानं कळवताच त्यांच्या माणसांनी भांडणापासून रस्त्यावर टाकलेला अडसर ती यायच्या आधीच काढून ठेवला होता.

क्रिसान्ता वाचली.

आता रविवारी सभा आहे. नियम मोडल्याबद्दल डॉन फिदेन्सियोंना जाब विचारणार आहेत आणि अँटेनाचं काय करायचं तेही ठरणार आहे. क्रिसान्ता लेकीला कुशीत घेऊन येणार आहे म्हणे. हात वर करण्याआधी तिच्याकडे एकदा बघा, एवढंच मागणं आहे.

बाकी मर्जी तुमची. माझं ठरलंय. पुन्हा भिंतीकडे फिरवलंत, तरी दर दहा सेकंदांनी मी हाक देणारच.