घाई नसलेला मोतीबिंदू

दुपार उतरायला लागली की महेश्वरीच्या कुंभारी गावातल्या दवाखान्यात उजेड मधासारखा दाटून यायचा. रस्त्यावरच्या रिक्षा जणू पाण्याखालून जायच्या. डोळ्यांची डॉक्टर असूनही या वेळी तिला सगळं असं धूसरच आवडायचं.

त्या दिवशी मात्र मनात पृथ्वीराजचं बोलणं घोळत होतं. तो तिचा कॉलेजातला मित्र. सोलापुरात त्याचं डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल. सकाळी फोनवर म्हणाला होता, "तू पेशंट पाठव, ऑपरेशन मी करतो. प्रत्येकामागे तुझा वाटा. अगं, नफा नसेल तर दवाखाना टिकेल कसा?"

शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. तपासायचं मशीन वरचेवर बंद पडत होतं आणि नवं घ्यायची ऐपत नव्हती.

तेवढ्यात फुलाबाई आली. मेंढरांमागं जन्म गेलेला, आता लेकाकडे राहायला आलेली.

"काय त्रास होतो?"

"तरास न्हाय. दिव्याभवती खळं दिसतंय, चंद्राला पडतंय तसं. बघत बसावं वाटतंय. पर सून म्हणती, आपरेशन करून टाका."

महेश्वरीने भिंगातून पाहिलं. मोतीबिंदू होता, पण कोवळा. त्या धुरकट पांढऱ्यात पाहता पाहता तिला वाटलं, आपण धुक्यातल्या माळावर उभ्या आहोत, मेंढरं शांतपणे चरताहेत आणि मागून कुणीतरी विचारतंय, यातली किती विकायची?

ती दचकून मागे सरली.

"सुईत दोरा ओवता येतो?"

"येतो की. वाकळ शिवतीय."

"मग ऑपरेशन आत्ता नको. चष्मा बदलू."

"चष्मा कुटनं घिऊ? शेरात जायचं तर लेकाचा खाडा. तुमीच का ठिवत न्हाय?"

"लोक म्हणतील, डॉक्टरीणबाईंनी दुकान मांडलं."

"म्हणत्याल की," फुलाबाई शांतपणे म्हणाली आणि पदर सावरत उठली.

नफा हा शब्दच आपण कधी घरात घेतला नाही, म्हणून तो मागच्या दाराने येऊ पाहतोय, असं महेश्वरीला वाटलं.

तिने पृथ्वीराजला फोन केला. "गरज असेल त्यालाच पाठवीन. माझा वाटा पेशंटच्या बिलातून कमी कर."

"असं कुणी करत नाही, महेश्वरी."

"मग दुसरीकडे पाठवीन."

तिने तपासणीची फी वाढवली आणि पाटीवर लिहिली. काचेच्या कपाटात चष्मे मांडले, किमती दिसतील असे. काही पेशंट कुरकुरले, काही यायचेच बंद झाले. पण बरेचसे येत राहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात नवं मशीन आलं.

मशीन आलं त्या दुपारी तपासायला कुणी नव्हतं. तिने मशीन बसवायला आलेल्या माणसालाच समोर बसवून त्याचे डोळे तपासले आणि फी मागितली. तो हसला, पण त्याने दिली.