उद्धवनं गाळलेलं वाक्य

मुखेडहून थोरले बंधू शेषेराव आणि वहिनी सिंधु लातूरला उद्धवकडं आले, तेव्हा शेषेरावांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तपासण्यांत स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर भार्गवींनी उद्धवला आत बोलावलं. तो कॉलेजात शिकवणारा, नीट समजून घेईल म्हणून.

"ऑपरेशन दुर्बिणीतून केलं तर छेद लहान, माणूस लवकर हिंडायला लागतो. आतलं काम मात्र दोन्हीकडं तेवढंच मोठं. यांची गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली दिसते. मी पोट उघडूनच करा म्हणेन."

उद्धवनं मान हलवली. पण मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता. घरात सोयरे येणार आणि आतल्या खोलीत टाके घातलेला भाऊ कण्हत पडणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. बाहेर येऊन तो म्हणाला, "दुर्बिणीनं होतंय, आण्णा. चार-पाच भोकं फक्त. लगेच गावाकडं जाता येईल."

"तू म्हणतोस तर बरंच आसंल," शेषेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेषेरावांनाच विचारलं, "पोट उघडावं लागेल, हे भावानं सांगितलंय ना?"

सिंधुवहिनींनी चमकून उद्धवकडं बघितलं. शेषेरावांनी त्याच्याकडं क्षणभर पाहिलं, मग डॉक्टरांकडं वळले.

"हाव, सांगितलंय की. म्याच इसरलो. उघडूनच करा, मॅडम."

उद्धवची मान वर झाली नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठ निघाली, पण रक्तवाहिनीचा तुकडा काढून ती पुन्हा जोडावी लागली. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा वहिनींनी हात जोडले. उद्धवला तेही जमेना.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा उद्धव गाडी घेऊन आला. "घरी चला, आण्णा."

"नगं. साखरपुडा उरकू दे. आम्ही मुरुडला शिवगंगाकडं ऱ्हातो. मुखेडापेक्षा तिथून दवाखाना जवळ हाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागं शेषेरावांचा श्वास अडकायचा. उद्धव गाडी आणखी हळू घ्यायचा.

मुरुडला बहीण शिवगंगानं अंथरूण आधीच घालून ठेवलं होतं. भावाला निजवून ती ओसरीवर आली आणि उद्धवला म्हणाली, "एवढ्या टाक्यांनिशी इकडं आणलास? तुझ्या घरात जागा नव्हती व्हय रं?"

आत शेषेराव जागेच होते.

"होती," उद्धव म्हणाला.